दहा दिवसांत दोन निकाल

2025च्या जुलै महिन्यात दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल लागले आणि आपल्या घराघरांत त्यांवर वाद झाले. 21 जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने लोकलगाड्यांतील बॉम्बस्फोटांच्या खटल्यात दोषी ठरलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. 31 जुलैला मुंबईच्या विशेष न्यायालयाने मालेगावच्या भिक्कू चौकातील स्फोटाच्या खटल्यातील सातही आरोपींना सोडले. पहिल्या दिवशी ज्यांनी ‘अल्हम्दुलिल्लाह, इन्साफ झाला’ म्हटले, त्यांच्यापैकी अनेकांनी दहा दिवसांनी ‘हा कसला इन्साफ?’ असे विचारले. पलीकडच्या वस्तीत नेमके उलटे घडले. दोन्हीकडे निकाल वाचला गेला नाही, फक्त आरोपींची नावे वाचली गेली, असे म्हणून मोकळे होता येईल. आम्हाला मात्र प्रश्न इतका सोपा वाटत नाही.

आधी लोकलचा खटला पाहू. 11 जुलै 2006च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत 11 मिनिटांत सात स्फोट झाले. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, आठशेहून अधिक जखमी झाली. कामावरून घरी परतणारी ही माणसे सर्व धर्मांची होती. रुळांलगतच्या वस्त्यांतले लोक घरातल्या चादरी घेऊन धावले आणि त्यांत घालून जखमींना बाहेर काढले, हे मुंबईने पाहिले आहे. नऊ वर्षांनी, 2015मध्ये, विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. तेरावा आरोपी, पेशाने शिक्षक, नऊ वर्षे तुरुंगात काढून तेव्हाच निर्दोष सुटला.

उच्च न्यायालयाने हा निकाल का फिरवला, हे समजून घेण्यासारखे आहे. एरवी पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. मारहाण करून काहीही वदवून घेता येते, हे कायद्याला ठाऊक आहे. मोक्का कायद्यात मात्र वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने नोंदवलेला कबुलीजबाब चालतो, आणि या खटल्याचा मोठा भार अशाच जबाबांवर होता. न्यायमूर्तींना वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांत सारखाच मजकूर आढळला. छळ झाल्याचे आरोपींचे म्हणणेही त्यांनी गंभीरपणे घेतले. महत्त्वाचे साक्षीदार शंभरहून अधिक दिवसांनी पुढे आले होते. ज्या अधिकाऱ्याने ओळखपरेड घेतली, त्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. जप्त केलेल्या स्फोटकांना नीट सील नव्हते. बॉम्ब नेमका कोणत्या प्रकारचा होता, एवढेही सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. एक गोष्ट आम्हाला कायम खटकत आली आहे. 2008मध्ये मुंबई पोलिसांच्याच गुन्हे शाखेने पकडलेल्या तरुणांच्या तपासातून याच स्फोटांची वेगळी कहाणी पुढे आली होती. एकाच शहराच्या पोलिसांकडे एका गुन्ह्याच्या दोन कहाण्या, आणि फाशी मात्र एकाच कहाणीवर.

हा निकाल लागला तेव्हा बारांपैकी एक जण हयात नव्हता. 2021मध्ये तो करोनाने तुरुंगातच वारला होता.

आता मालेगाव. 29 सप्टेंबर 2008, रमजानचे शेवटचे दिवस, ईदच्या खरेदीची गर्दी. स्फोटात सहा जण ठार झाले. हेमंत करकरे यांच्या नेतृत्वाखालील दहशतवादविरोधी पथकाने तपास केला, 2011मध्ये तो राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. 2015मध्ये विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी जाहीरपणे सांगितले, की आरोपींबाबत सौम्य राहा असा निरोप आपल्याला तपास यंत्रणेकडून आला होता. खटल्यात तीसहून अधिक साक्षीदार फितूर झाले. शेवटी न्यायालय म्हणाले, की स्फोट झाला हे सिद्ध आहे, पण बॉम्ब त्याच मोटरसायकलवर होता हे सिद्ध झालेले नाही, पंचनामा सदोष आहे, आणि संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

फिकह जाणणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही. शुबह, म्हणजे शंका, असेल तर हद्दची शिक्षा टळते, हा आपल्याकडचा जुना नियम आहे. एखाद्या गटाबद्दलच्या रागापायी इन्साफ सोडू नये, हे सूरह माइदामध्ये बजावलेले आहे. आरोपी आपले असतात तेव्हा हे चटकन आठवते. भिक्कू चौकाच्या निकालालाही तेच माप लावावे लागते. अपुऱ्या पुराव्यावर शिक्षा झाली असती, तर ती आपल्याला गोड वाटली असती. न्याय्य ठरली नसती.

मग राग कशाचा? आमच्या मते रागाला जागा आहे, फक्त ती न्यायाधीशांच्या खुर्चीपाशी नाही. लोकलचा निकाल लागताच मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो धक्कादायक असल्याचे म्हटले, आणि राज्य सरकार लगोलग सर्वोच्च न्यायालयात गेले. 24 जुलैला न्यायालयाने सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही, मात्र हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही असे सांगितले. मालेगावच्या निकालाचे त्याच मुख्यमंत्र्यांनी स्वागत केले. तिथे उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावायला मृतांच्या घरच्यांनाच जावे लागले. दोन मापे कोर्टात नव्हती. ती मंत्रालयात होती, आणि त्याआधी पोलीस चौकीत होती. एका खटल्यात पुरावा ओढूनताणून उभा केला गेला, दुसऱ्यात हाती असलेला विस्कटत गेला. दोन्ही निकालपत्रांतून तपासाबद्दल जे बाहेर आले, त्यावर कुणा अधिकाऱ्याला जाब विचारायला हवा होता. टीव्हीवर रात्रभर चाललेल्या चर्चांत तो प्रश्न आम्हाला क्वचितच ऐकू आला.

लोकलमध्ये नवरा गमावलेल्या बाईला आज कोणी सांगू शकत नाही, की बॉम्ब कोणी ठेवला. मालेगावच्या बापालाही कोणी सांगू शकत नाही. ही दोन माणसे एकमेकांविरुद्ध उभी नाहीत, आणि सुटून आलेला माणूसही त्यांच्यापैकी कोणाचा शत्रू नाही. मालेगावच्या निकालात मृतांच्या वारसांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपये द्यायला सांगितले. अठरा-एकोणीस वर्षे आत काढलेल्यांसाठी मात्र भरपाईचा कायदाच नाही. चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांना भरपाई आणि पुनर्वसन मिळावे, असा अहवाल विधी आयोगाने 2018मध्ये दिला आहे, त्याचा क्रमांक 277. आपापल्या आमदार-खासदारांकडे जाताना रस्ता-गटाराच्या अर्जांसोबत या अहवालाचीही एक प्रत न्यावी. ते विचारतील, हे काय आहे? तेव्हा सांगता आले पाहिजे.