हसलो खरे, पण पटले का?

मे २०११ मध्ये अमेरिकेच्या ‘सीडीसी’ या रोगनियंत्रण केंद्राने नागरिकांना एक चमत्कारिक प्रश्न विचारला. झॉम्बी, म्हणजे चालतीफिरती प्रेते, गावात शिरली तर काय कराल? घरात पाणी, टिकाऊ खाद्यपदार्थ, रोजची औषधे आणि कागदपत्रे तयार ठेवा, हे उत्तरही सोबत होते. यादी अर्थातच वादळ-भूकंपाची, एरवी कंटाळवाणी. या वेळी मात्र ती वाचायला इतकी झुंबड उडाली, की सर्व्हर कोलमडला.

वाचले खरे, पण पिशवी भरली का? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काहींना हा झॉम्बीवाला मजकूर दिला, तर काहींना साधा, गंभीर. तयारी करण्याचा इरादा गंमतवाल्या गटात कमी आढळला!

असे का व्हावे? उपदेश सुरू झाला की मन लगेच उलटे मुद्दे शोधू लागते. ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत तंबाखू खात होते’ हे उत्तर ओपीडीत नवे नाही. विनोदाने हा पहारा सैल होतो, पण ‘ही थट्टा आहे, मनावर घ्यायची नाही’ अशीही नोंद मन करून ठेवते. रॉबिन नबी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये यात एक गमतीदार गोष्ट दाखवली. थट्टा म्हणून बाजूला सारलेल्या संदेशाचा प्रभाव काही काळाने वाढू शकतो. बहुधा थट्टा विसरली जाते, मुद्दा मागे उरतो.

जाहिरातींवरील अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा मार्टिन आयझेंड यांनी २००९ मध्ये घेतला. विनोदामुळे लक्ष वेधले जाते, जाहिरात आवडते, खरेदीची इच्छाही वाढते. मात्र सांगणाऱ्याची विश्वासार्हता घटते. गोळ्या-चॉकलेट विकणाऱ्याला हे परवडेल. लशीबद्दल बोलणाऱ्या डॉक्टरला कसे परवडणार?

गाडगेबाबांना हे कोणी शिकवले नव्हते. आधी खराट्याने गाव झाडायचे आणि मग कीर्तनात भोळेभाबडे प्रश्न विचारून लोकांना हसवायचे, ही त्यांची रीत. नवसाचा बोकड, कर्ज काढून केलेला सण, दारू यांवर लोक हसत, म्हणजे स्वतःवरच हसत. विनोद मुद्द्याला वरून चिकटवलेला नसे, तोच मुद्दा असे. विश्वासार्हतेचे काम खराट्याने आधीच केलेले असायचे. (आपल्या आरोग्य खात्याच्या भित्तिपत्रकांत नेमके उलटे होते. चित्रातला विदूषक लक्षात राहतो, तो कशाबद्दल सांगत होता ते नाही.)

कुटुंबनियोजन, मूळव्याध, गुप्तरोग अशा लाजेच्या विषयांत हसण्याने तोंड उघडते, तिथे विनोद जरूर वापरावा. क्षयरोगाच्या गोळ्या बरे वाटू लागले तरी मध्येच सोडायच्या नाहीत, ही ओळ मात्र साध्या, ठळक अक्षरांतच लिहिलेली बरी.