चटई, जोते आणि ओळंबा

चाकणच्या कारखान्यात नोकरी करणारा नात्यातला एक तरुण गेल्या वर्षी मोशीतल्या सदनिकेच्या करारनाम्याचा मसुदा घेऊन माझ्याकडे आला. शब्दांच्या मागे लागण्याचा माझा नाद घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याचा असा काही उपयोग असेल असे मलाही वाटले नव्हते. "काका, पेपरात आलंय की चटई क्षेत्र वाढवून मिळालं. एजंटही म्हणाला, पुढे चटई वाढणार आहे. मग करारात माझे बावन्न मीटरच कसे?" वीस वर्षांचे कर्ज काढायला निघालेल्या, शिकलेल्या मुलाचा हा प्रश्न. मी हसलो नाही, कारण चूक त्याची नव्हती. ती शब्दाची होती.

मराठीत ही 'चटई' दोन ठिकाणी अंथरलेली आहे. पहिली घरातली. इंग्रजीत ज्याला 'कार्पेट एरिया' म्हणतात, त्याला आपण चटई क्षेत्र म्हणतो. कार्पेट म्हणजे खरे तर गालिचा, पण भाषांतरात त्याची चटई झाली. आपल्या स्वभावाला ते शोभूनही दिसते. २०१६च्या स्थावर संपदा कायद्यात, म्हणजे बोलीभाषेतल्या 'रेरा'त, त्याची व्याख्या आहे. सदनिकेतली वापरता येण्याजोगी निव्वळ जागा धरायची. बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांच्या पोकळ्या, बाल्कनी, व्हरांडा आणि उघडी गच्ची वगळायची, आतल्या आडभिंती मात्र मोजायच्या. (आडभिंतीखाली चटई कशी अंथरायची, हे कायद्याने सांगितलेले नाही.)

दुसरी चटई भूखंडावरची. तिचे नाव 'चटई क्षेत्र निर्देशांक', म्हणजे एफएसआय. इथे खोलीतल्या जागेचा संबंध नाही. सगळ्या मजल्यांवरचे मिळून बांधकाम क्षेत्र भागिले भूखंडाचे क्षेत्र, एवढेच हे गुणोत्तर. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक १.१ असेल तर अकराशे मीटर बांधता येते. मूळ इंग्रजी शब्दात कार्पेट कुठेच नाही. तिथे 'फ्लोअर स्पेस' आहे. तरी मराठीत दोन्हींना एकच शब्द मिळाला. वर्तमानपत्रे मथळ्यात जागा वाचवायला 'निर्देशांक' गाळतात आणि मग वाचणाऱ्याला वाटते, आपला हॉल मोठा होणार. प्रत्यक्षात निर्देशांक वाढला तर वाढतात ते डोक्यावरचे मजले. त्याच जमिनीत, त्याच पाण्यात आणि त्याच लिफ्टमध्ये वाटेकरी वाढतात. बावन्न मीटर, म्हणजे जेमतेम ५६० चौरस फूट, तेवढेच राहतात.

सरकारी परिभाषेवर सरसकट टीका करण्याची आपल्याकडे सवय आहे, मला ती पटत नाही. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, त्यानंतर विषयवार कोश निघाले, त्यात स्थापत्य अभियांत्रिकीचाही आहे. त्या मंडळींनी कष्ट केले. 'प्रबलित सिमेंट काँक्रीट' अर्थाला चोख आहे, फक्त बांधकामावर ते कोणी बोलत नाही. तिथे 'आरसीसी'च चालते. पण 'जोते' पाहा. गावाकडे वाडा पडतो, वासे जातात, भिंतींची माती होते आणि जोते तेवढे उरते. महापालिकेच्या कागदात 'प्लिंथ'ला हाच शब्द आहे. काम जोत्यापर्यंत आले की मंजूर नकाशाप्रमाणे ते आहे की नाही याची तपासणी होते आणि मगच पुढचे काम, अशी रीत आहे. इथे भाषांतर करावे लागले नाही. शब्द आधीपासून लोकांच्या तोंडात होता. म्हणून तो टिकला आणि फसवतही नाही.

'सामासिक अंतर' हा त्याहून गमतीचा. इमारत आणि भूखंडाची हद्द यांमध्ये सोडायची मोकळी जागा असा त्याचा अर्थ. व्याकरण शिकलेल्या माणसाला द्वंद्व आणि तत्पुरुष आठवतात. मीही बराच काळ त्यातच अडकलो होतो. मग लक्षात आले की हा समास वहीतला आहे, पानाच्या कडेला आखून सोडतो तो. इंग्रजीत दोन्हींना 'मार्जिन'. भूखंडाचे पान करून टाकणाऱ्या त्या अनाम भाषांतरकाराला माझा नमस्कार. पण नोटीस हातात पडलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

कागदावरून उठून साइटवर गेले की भाषा पालटते. संध्याकाळी चिखली, मोशी, तळवडे या भागांत कामे बघत हिंडणे आणि शब्द वहीत उतरवणे हा माझा बऱ्याच वर्षांचा क्रम. गवंड्याच्या पिशवीत थापी, रंधा, दोरी, गुण्या आणि ओळंबा असतो. यातला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे साधन, मूळचा ग्रीक. कोनाला ग्रीकात 'गोनिया' म्हणतात. तो फारसीत गेला, तिथून इकडे आला. ओळंबा संस्कृत 'अवलंब'पासून झिजत आला. आता भिंतीच्या एका टोकाला मराठी गवंडी आणि दुसऱ्या टोकाला बिहारचा मिस्त्री असेल, तर तो त्याच वस्तूला 'साहुल' म्हणतो. तोही शब्द फारसीतून आलेला. दोघांची अडचण 'लेव्हल बघ' या दोन शब्दांत मिटते. अशा मिटण्यातच ओळंबा गळतो आहे. पूर्वी माणूस नीट वागतो का हे सांगायलाही ओळंब्याची उपमा देत. आता लेझरची रेघ भिंतीवर पडते आणि तिला नाव नाही.

'सूत' मात्र दोघांचे सामाईक. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दशमान पद्धत देशात १९५८पासून लागू होऊ लागली, सळई मिलिमीटरमध्ये येते, बिलातही तेच लिहितात. तरी लोखंडाच्या दुकानात जुना माणूस आठच्या सळईला अडीच सूत म्हणतो, दहाला तीन, बाराला चार आणि सोळाला पाच. हिशेब करून पाहिला तर पाच सूत म्हणजे १५.८७५ मिलिमीटर, चार सूत म्हणजे १२.७. कुठे केसभर कमी, कुठे थोडे जास्त. तसाच 'ब्रास', म्हणजे शंभर घनफूट. वाळू-मुरमाचे स्वामित्वधन आजही सरकारच ब्रासवर आकारते, तेव्हा दोष एकट्या दुकानदाराला देता येत नाही.

काही शब्द वस्तू गेल्यावरही उरतात. 'सेंट्रिंग' हे मूळ कमानीखालच्या लाकडी साच्याचे नाव. कमानी गेल्या, सपाट स्लॅब आला, सेंट्रिंग राहिले. उलट भोसरी-पिंपरीच्या जुन्या शेडवरच्या लोखंडी त्रिकोणी सांगाड्याला 'कैची' म्हणत, किती नेमके नाव! चाकणच्या नव्या शेडमध्ये कारखान्यातूनच तयार होऊन आलेल्या पोलादी चौकटी उभ्या राहतात. कैची नाही म्हणून शब्दही नाही. आणि तिथल्या जमिनीला जो 'ट्रीमिक्स' म्हणतात, ते एका स्वीडिश कंपनीचे नाव आहे, हे बहुतेक ठेकेदारांना ठाऊक नसते. माहीत असण्याची गरजही नाही.

पण एका शब्दाबाबत मला गप्प बसवत नाही. 'क्युरिंग'ला साइटवर 'पाणी मारणे' म्हणतात. काँक्रीट उन्हाने वाळून घट्ट होते असा पुष्कळांचा समज आहे. ते घट्ट होते ते सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेने, आणि त्यासाठी ओल टिकावी लागते. आयएस ४५६ या भारतीय मानकात साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस सांगितले आहेत, कोरड्या व उष्ण हवेत दहा. राखमिश्रित सिमेंटला त्याहून अधिक. आता 'मारणे' या क्रियापदात सात दिवस कुठे आहेत? पाइप फिरवला, पाणी मारले, काम झाले. कॉलमला सकाळी मारलेले पाणी एप्रिलच्या उन्हात दुपारपर्यंत उडून जाते. चिंचवडच्या एका म्हाताऱ्या गवंड्याला मी विचारले, तुमच्या वेळी काय म्हणायचे? तो म्हणाला, "स्लॅबवर वाफे करायचे आन् भरून ठेवायचे. भिंतीला पोतं गुंडाळायचं. मारायचं कशाला, ती काय म्हैस आहे?" वाफा शेतातला. ज्याने कांद्याला पाणी दिले आहे, त्याला स्लॅबवरच्या वाफ्यातले पाणी आटू द्यायचे नसते हे सांगावे लागत नाही.

करारनामा आणणाऱ्या त्या मुलाला मी दोन्ही चटया कागदावर काढून दाखवल्या. त्याने बराच वेळ त्या चित्राकडे पाहिले. मग म्हणाला, "म्हणजे वरती अजून मजले होणार?" मंजूर नकाशात किती आहेत ते बघ, म्हटले. चार दिवसांनी त्याचा फोन आला. नकाशा बघितला होता, जोत्याचा दाखलाही मागितला होता, आणि आता त्याला विचारायचे होते, की सामासिक अंतर म्हणजे काय.