नोटर डेम फुटबॉल संघाचे लाइनबॅकर (२०१२)

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाच्या पहिल्या फळीमागे उभे राहून चेंडू घेऊन धावणाऱ्यास पाडणे व जवळचे पास रोखणे हे लाइनबॅकरचे काम होय. नोटर डेम विद्यापीठाच्या संघरचनेत असे ४ खेळाडू असत. २०१२च्या हंगामापूर्वी डॅरियस फ्लेमिंग व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेल्याने कडेची जागा प्रिन्स शेम्बोकडे आली. मध्यभागी मात्र मँटाय टेओ होता. व्यावसायिक संघांत जाणे शक्य असूनही तो शेवटच्या वर्षासाठी महाविद्यालयातच राहिला. धावणाऱ्यास पाडण्यात तो निष्णात. तरी ३ हंगामांत त्याने प्रतिस्पर्ध्याचा एकही पास मध्येच झेलला नव्हता आणि एवढ्या नावाजलेल्या खेळाडूच्या बाबतीत ही उणीव किरकोळ नव्हती. २०१२मध्ये त्याने असे ७ पास झेलले. नियमित हंगामातील सर्व १२ सामने संघाने जिंकले. अजिंक्यपदाच्या लढतीत अलाबामाने त्याला ४२–१४ असे हरवले.