आखीवरेखीव सेक्टरांच्या मधोमध बोनकोडे गाव उरलं कसं?

कोपरखैरण्यात सरळ रस्ते आहेत, सेक्टरला नंबर आहेत, प्लॉटलाही नंबर आहेत. चालता चालता अचानक अरुंद गल्ल्या लागतात, घराला घर चिकटलेलं दिसतं आणि कानावर आगरी बोली पडते. हे बोनकोडे. अनेकांना ते गणेश नाईक यांचं गाव म्हणून माहीत असतं. पण आखून वसवलेल्या शहरात हे गाव शिल्लक राहिलं कसं?

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. मुंबईवरचा भार कमी करायला खाडीपलीकडे नवं शहर उभारायचं होतं. त्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. शेतं गेली, मिठागरं गेली, पण लोक राहत होते ते गावठाण तसंच ठेवलं. त्याच्या चहूबाजूंनी शहर वाढलं आणि गाव मधोमध सापडलं.

जमिनीसोबत पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदाही गेला. आगरी हा शब्दच आगरातून, म्हणजे मिठागरातून आला असं मानलं जातं. बांध घालून खाडीचं खारं पाणी अडवायचं, खाजणात भात लावायचा, मीठ पिकवायचं, हे इथल्या लोकांचं कसब होतं.

योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला उरण तालुक्यात पोलीस गोळीबार झाला, त्यात पाच शेतकरी हुतात्मा झाले. या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के योजना आली.

योजनेचा हिशोब सोपा आहे. समजा १०० गुंठे जमीन गेली, तर साडेबारा गुंठ्यांचा विकसित भूखंड मंजूर होतो. त्यातले ३० टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापले जातात. हातात येतात पावणेनऊ गुंठे.

इकडे कुटुंबं वाढली, गावठाणाची हद्द मात्र वाढली नाही. मग लोकांनी हद्दीबाहेर, एकेकाळी स्वतःच्याच असलेल्या जमिनीवर घरं बांधली. कागदावर ती अनधिकृत. गावकरी त्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात आणि ती कायमची नियमित करा, ही मागणी वर्षानुवर्षं करत आलेत.

बोनकोड्यात किल्ला नाही की लेणी नाहीत. इथला वारसा म्हणजे हे गावठाणच. त्यामुळे पुढच्या वेळी या गल्ल्या बघून 'प्लॅनिंग चुकलंय' म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्या, की प्लॅन नंतर आला, गाव आधीपासून होतं.