पाय मुरगळला की चोळायचा का? घोट्याचं दुखणं पुन्हा पुन्हा का उलटतं?

१९ ऑक्टोबर २०२३. पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमवर वर्ल्ड कपमधली भारत-बांगलादेश मॅच सुरू होती. हार्दिक पंड्याच्या बॉलवर लिटन दासने सरळ फटका मारला. तो अडवायला हार्दिकने पाय पुढे केला, तोल गेला आणि डावा घोटा दुखावला. त्या ओव्हरचे उरलेले तीन बॉल विराट कोहलीने टाकले. सुरुवातीला वाटलं, एक-दोन मॅच हुकतील. पण ४ नोव्हेंबरला हार्दिक वर्ल्ड कपबाहेर गेल्याचं जाहीर झालं. तो मैदानात परतला थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये, नवी मुंबईतल्या डी. वाय. पाटील टी-२० स्पर्धेत.

प्रत्येक मुरगळणं एवढं गंभीर नसतं, हे खरं. पण डॉक्टर आणि फिजिओ कायम सोबत असलेल्या खेळाडूला इतका वेळ लागत असेल, तर आपण घरी काय करतो? गरम तेल लावून चोळतो, कुणाकडून तरी झटका देऊन पाय 'बसवून' घेतो आणि सूज उतरली की विषय संपला असं समजतो.

घोटा बाहेरच्याच बाजूने का दुखतो?

नडगीचं जाड हाड म्हणजे टिबिया आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड म्हणजे फिब्युला. या दोघांच्या खालच्या टोकांमध्ये एक खाच तयार होते. त्या खाचेत टॅलस नावाचं हाड बसतं. या टॅलसला एकही स्नायू चिकटलेला नसतो. त्याला जागेवर धरून ठेवतात आजूबाजूची हाडं आणि लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारे चिवट पट्टे.

टॅलस पुढून रुंद आणि मागून अरुंद असतो. पाऊल सपाट असताना रुंद भाग खाचेत घट्ट बसतो. पण बोटं खाली झुकली की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा थोडा सैल पडतो. जिना उतरताना, उंच टाचेची चप्पल घालून चालताना किंवा उडी मारून खाली येताना पाय का मुरगळतो, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. त्यात आतल्या बाजूचं लिगामेंट रुंद आणि मजबूत असतं, तर बाहेरची तीन त्यामानाने नाजूक. पाऊल आत वळलं की ताण या तिघांवर येतो आणि बहुतेक वेळा सगळ्यात पुढचं आधी फाटतं.

मग चोळल्याने काय होतं?

लिगामेंटचे धागे तुटतात तेव्हा आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्याही फुटतात. पाय सुजतो आणि काळानिळा पडतो तो म्हणूनच. पहिल्या दोन-तीन दिवसांत तिथे शेक दिला किंवा जोरात चोळलं, तर सूज वाढण्याचीच शक्यता जास्त. आणि 'बसवण्या'बद्दल सांगायचं तर, साध्या मुरगळण्यात काही जागेवरून हललेलंच नसतं, मग बसवणार काय? उलट हाड मोडलेलं असेल तर तो झटका महागात पडतो. आजीचा आंबेहळदीचा लेप, तो गार असेल, कातडी फुटलेली नसेल आणि लावताना कुणी रगडत नसेल, तर लावायला हरकत नाही.

बर्फाचीही एक गोष्ट आहे. अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये विश्रांती, बर्फ, घट्ट पट्टी आणि पाय उंच ठेवणं हा चार गोष्टींचा फॉर्म्युला मांडला आणि तो जगभर पाठ झाला. पुढे २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की, बर्फ आणि पूर्ण विश्रांतीमुळे बरं व्हायला उशीर लागू शकतो. म्हणून आज बर्फाकडे मुख्यतः वेदना कमी करण्यासाठी पाहिलं जातं. कापडात गुंडाळून एका वेळी १०-१५ मिनिटं पुरे. क्रेप बँडेज बांधल्यावर बोटं बधिर किंवा निळसर झाली, तर ते लगेच सैल करा.

एक्स-रे काढायचा की नाही?

यासाठी कॅनडातल्या ओटावा शहरात डॉक्टरांनी नियम तयार केले. ते १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आजही जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी टेकाडासारखी हाडं दिसतात, त्यांच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर दाबल्यावर दुखतंय का? पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जे उंचवट्यासारखं हाड लागतं, तिथे किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वर दाबल्यावर दुखतंय का? पाय मुरगळल्या क्षणी आणि आता तपासतानाही, लंगडत का होईना, चार पावलं टाकता येत नाहीत का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर एक्स-रे काढायला हवा. डायबिटीसमुळे पावलांची संवेदना कमी झालेल्यांनी आणि लहान मुलांच्या बाबतीत मात्र या घरगुती तपासणीवर विसंबू नये, थेट डॉक्टरांकडे जावं.

खरी चूक सूज उतरल्यावर होते

लिगामेंटमध्ये पाऊल कुठल्या कोनात आहे हे मेंदूला कळवणारे मज्जातंतूही असतात. दुखापतीत ही यंत्रणाही बिघडते. पाऊल वाकडं पडतंय हे कळायला क्षणभर उशीर होतो आणि त्याच क्षणात पाय पुन्हा मुरगळतो. 'माझा हा पाय सारखाच मुरगळतो' म्हणणाऱ्यांचा पाय कमनशिबी नसतो, बहुतेकदा त्याचा व्यायाम अर्धवट राहिलेला असतो.

हा व्यायाम अगदी साधा आहे. फ्रॅक्चर नसेल तर वेदना झेपेल तशी घोट्याची हालचाल लवकर सुरू करायची. मग टाचा उचलून उभं राहणं आणि दात घासताना एका पायावर उभं राहणं. ते जमलं की तेच डोळे मिटून, अर्थात भिंतीशेजारी. खेळायला परतताना काही महिने घोट्याला ब्रेस घातलेला चांगला. लिगामेंट पूर्ण फाटलं तरी बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, व्यायाम आणि ब्रेसवर भागतं. पण नीट व्यायाम करूनही दोन-तीन महिन्यांनी पाय दगा देत असेल, सांधा अडकत असेल किंवा नडगीच्या खालच्या टोकाशी, घोट्याच्या वरच्या बाजूला दुखत राहिलं असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. गरज वाटली तर ते एमआरआय सांगतील.