एकट्या सायकलीची सफर

दोस्तांनो, समजा तुम्ही सायकल घेऊन एकटेच जपानच्या शिकोकू बेटावर निघालात. घाबरू नका, तिथंही वाहनं आपल्यासारखी डाव्या बाजूनंच चालतात! भातखाचरांच्या कडेनं शांत रस्ता. वाटेत एका फळीवर संत्र्यांच्या पिशव्या मांडलेल्या, शेजारी पैशांचा डबा. दुकानदार? कुणीच नाही! १०० येनचं नाणं डब्यात टाकायचं नि पिशवी उचलायची.

आता इया दरीचा चढ लागला. दमलात ना? उतरा खाली, सायकल हातात धरून चाला. पुढं नागोरो गाव आहे. शेतात माणसं, बसथांब्यावर माणसं. पण हाक मारलीत तर एकही मान वळणार नाही. अहो, त्या माणसाएवढ्या बाहुल्या आहेत! त्सुकिमी आयानो या बाईंनी आधी शेतासाठी एक बुजगावणं केलं, आपल्या वडिलांसारखं दिसणारं. मग वारलेल्या, गाव सोडून गेलेल्या माणसांच्या बाहुल्या त्या करत गेल्या. तरुण मंडळी कामधंद्यासाठी शहरात गेली नि गावात माणसांपेक्षा बाहुल्याच जास्त झाल्या. वाटेतली शांतता छान वाटत होती ना? ती अशीही येते.

शाळेत डोकवा जरा. २०१२ मध्ये शेवटची दोन मुलं शिकून बाहेर पडली आणि शाळा बंद झाली. आता बाकांवर बाहुल्या, शिक्षकही बाहुलीच. दिवसातून दहादा 'गप्प बसा रे' म्हणणाऱ्या मला त्या वर्गाचा फोटो फार वेळ बघवला नाही.

त्यातल्या दोन बाहुल्या त्या मुलांनीच केलेल्या आहेत. स्वतःच्या.