विहिरीची वही आणि एक चुकलेला आकडा

हिंगोली जिल्ह्यातल्या कयाधूकाठच्या एखाद्या शाळेचे चित्र डोळ्यांपुढे आणा. मुले दर सोमवारी विहिरीत दोर सोडतात आणि पाणी किती मीटर खाली आहे ते वहीत लिहितात. मार्गशीर्ष-पौषात आकडे 6.5, 6.7 असे सावकाश वाढताहेत. एका सोमवारी 6.9 लिहायचे, तर कुणी 9.6 लिहिले. वही पाहून गावाने "पाणी आटले" म्हणत उन्हाळी भुईमूग सोडून दिला, तर?

इथे एकच सरळ रेघ कामाची नाही. विहीर पावसाळ्यात भरते, वैशाखापर्यंत उतरते. सरळ चालणे तिला ठाऊकच नाही. अमेरिकेतले संख्याशास्त्रज्ञ विल्यम क्लीव्हलँड यांनी 1979 साली एक रीत मांडली. ज्या आठवड्याची पातळी हवी, त्याच्या शेजारच्याच नोंदी घ्यायच्या. जवळचीला भार जास्त, दूरचीला कमी. आणि तेवढ्यापुरती छोटी रेघ बसवायची. असे आठवड्यागणिक करत गेले की वळणदार रेषा मिळते.

पण 9.6 तिला आपल्याकडे ओढतोच. मग काय करायचे? प्रत्येक नोंद रेषेपासून किती दूर पडली ते मोजा. वर की खाली हे सोडून द्या. फरक लहानमोठे ओळीने मांडा आणि मधला घ्या. समजा तो 20 सेंटीमीटर आला. त्याची सहापट 120. त्यापलीकडे गेलेल्या नोंदीचा भार शून्य. 60 सेंटीमीटर दूर असलेलीला सुमारे 0.56, रेषेवरचीला पूर्ण 1. हे नवे भार जुन्या भारांना गुणून रेषा पुन्हा काढा, पुन्हा फरक मोजा. आपला 9.6 पहिल्याच फेरीत गळतो.

संगणकावर 'आर' ही फुकट मिळणारी प्रणाली हे क्षणात करते. तिच्यातली 'लोवेस' ही आज्ञा अशा तीन फेऱ्या आपण होऊन करते. 'लोएस' मात्र सांगितल्याशिवाय करत नाही. तिला 'सिमेट्रिक' हा पर्याय द्यावा लागतो. नावे इतकी सारखी, की भलेभले फसतात! आणखी एक: 'लोवेस' न सांगता दोन तृतीयांश नोंदी शेजारी धरते. वर्षभराच्या वहीला हा शेजार फार ऐसपैस. पावसाळाच सपाट होऊन जाईल. पाचव्या हिश्शापासून सुरुवात करून पाहा.

आणि हो, शून्य भाराची नोंद वहीतून खोडू नका. एका रात्रीच्या पावसाने पाणी खरेच तीन मीटर वर आले असेल; यंत्राला ते आणि लिहिण्यातली चूक सारखीच दिसते. म्हणून वहीत दोन रकाने वाढवा: आदल्या रात्री पाऊस किती, आणि शेजारचा पंप चालू होता की बंद.